नन्नाकाकांची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, माझा एक हात आता डुगडुगतो, पण एके काळी माझा मान मोठा होता. कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात, बैठकीच्या खोलीत माझी जागा होती.

थोरल्या मालकांनी मला मुद्दाम करवून घेतलं आणि एक रीत घालून दिली. मोठा निर्णय घेण्याआधी कोणीतरी एकाने माझ्यावर बसायचं आणि त्यात काय काय बिघडू शकेल तेवढंच सांगायचं. तो उठेपर्यंत बाकीच्यांनी तोंडातून ब्रसुद्धा काढायचा नाही. पाळी दर वेळी बदलायची. खुद्द मालकही बसत आणि स्वतःच्याच बेताच्या चिंधड्या उडवत. मला ते फार आवडायचं.

थोरले मालक गेले, त्यांचा मुलगा मालक झाला. तो वाईट नव्हता, हे आधीच सांगते. पण त्याला घाई फार. पाळ्या कोण लावत बसणार, म्हणून त्याने बॉयलर सांभाळणाऱ्या काकांना कायमचं माझ्यावर बसवलं. काका दर बैठकीत काही ना काही खोट काढत; त्यांना कामच ते दिलं होतं. लोक त्यांना 'नन्नाकाका' म्हणू लागले. काका हसण्यावारी नेत.

एकदा मोठी मागणी आली. रात्रंदिवस कारखाना चालवायचं ठरत होतं. त्या दिवशी काका बसले, तेव्हा त्यांच्या तळहातांचा घाम माझ्या हातांना लागला.

"बॉयलरची झडप अडकतेय, मालक. आठ दिवस बंद ठेवून दुरुस्त करू. या वेळी मला खरंच भीती वाटतेय."

"काका, तुम्हाला भीती कधी वाटली नाही ते सांगा," मालक म्हणाला. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं."

सगळे हसले. सवयीने काकाही हसले. उठताना म्हणाले, "बरं. मग मी तिथंच थांबतो."

पाचव्या दिवशी दुपारी बॉयलर फुटला. काकांनी त्याआधी सगळ्यांना बाहेर पिटाळलं होतं. ते स्वतः मात्र झडपेपाशीच राहिले.

आता मालक कधीकधी एकटाच येऊन माझ्यावर बसतो आणि रडतो. मला त्याचा राग येतो, आणि कीवही येते.

मित्रांनो, मला पॉलिश केलं नाहीत तरी चालेल. पण 'नको' म्हणायचं काम एकाच माणसाच्या गळ्यात बांधू नका. त्या दिवशी तेच शब्द दुसरं कोणीही बोललं असतं, तर मालकाने ऐकलं असतं.