दोनदा पापणी

दैवशालेनं पेजेवरची साय चमच्यानं बाजूला सारली. तिनं चमचा सरांच्या ओठांशी नेला. सर म्हणजे तिचा नवरा कृष्णराज. येडशीच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळं गावाबरोबर तीही त्यांना सरच म्हणायची. पक्षाघात झाल्यापासून पाच महिने ते या खाटेवर होते. हात नाही, पाय नाही, वाचा नाही. घास तेवढा गिळायचे. डॉक्टर म्हणाले होते, आत काही उमगत असेल असं वाटत नाही; पण नजरेनं, बोटानं, कशानंही उत्तर दिलं तर लगेच कळवा, मग पुष्कळ काही करता येईल.

उत्तर अठरा दिवसांपूर्वीच आलं होतं. पाणी देऊ का, असं तिनं सवयीनं विचारलं आणि सरांनी दोनदा पापणी मिटली. पुन्हा विचारलं... पुन्हा दोनदा. मग तिनं दार लोटून घेतलं. आज बुधवार का? काही नाही. गुरुवार? दोनदा.

आत सगळं शाबूत होतं, जागं होतं, आणि ते फक्त तिला ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी सांगावंसं वाटलं नाही. तिसऱ्या दिवसापासून पापणी हलली की ती मुद्दाम खिडकीबाहेर बघायला लागली — जसे ते चौतीस वर्षं तिचं बोलणं चालू असताना वर्तमानपत्राचं पान उलटायचे...

आणि खूप वर्षांपूर्वीचा तो रविवार. ओसरीवर शाळेतले चार शिक्षक बसलेले, दुसऱ्या कुठल्या ताऱ्यापाशी आपल्यासारखं विचार करणारं कुणी असेल का, यावर सर रंगून बोलत होते. त्यांनी टाकून दिलेली मासिकं ती स्वयंपाकघरात चोरून वाचायची. भाकरी थापता थापता कितीक दिवस एक प्रश्न तिच्या मनात घोळत होता. चहा ठेवताना तिनं तो विचारला — तिकडं कुणी आसंल, तर त्यास्नी आपण दिसत आसू का? सरांनी कप उचलला. "बघा, म्हणून बुद्धिमान जीव इतक्या लांब शोधावे लागतात. आमच्या घरात एकही आढळला नाही." सगळे हसले. नऊ वर्षांची अर्पिता बापाच्या गुडघ्याला बिलगून, काही न समजता, सगळ्यांत जास्त हसली.

तीच अर्पिता आज सकाळी लातूरहून आली होती. पेज संपेपर्यंत ती बापाचे पाय चेपत बसली. पुण्यात एक दवाखाना आहे, नजरेनं बोलायला शिकवतात, बाबांनी जराशी जरी ओळख दाखवली तरी उद्याच नेते, असं सांगून तिनं आईकडं तोंड वळवलं.

"आई, खरं सांग. त्यांना काही कळतं का गं?"

तिच्या पाठीमागं सरांची पापणी मिटली. दोनदा. पुन्हा दोनदा. मग भराभर, मोजता येईना इतकी, आणि नजर दैवशालेवर रोखलेली.

"न्हाय गं," ती म्हणाली. "पापण्या आपोआप हलतात. डॉक्टरच म्हणले व्हते."

अर्पिता आईच्या पदरात तोंड खुपसून रडली आणि दुपारच्या गाडीनं परत गेली.

आता बरं वाटेल, असं दैवशालेला वाटलं होतं. तिनं खुर्ची खाटेला भिडवली. उघडे डोळे तिच्याकडंच होते, पण त्यांत राग नव्हता, विनवणी नव्हती... काहीच नव्हतं.

"लावू का फोन तिला? सांगते सगळं."

पापणी हलली नाही.

ऐकू गेलं नसेल, म्हणून ती कानाशी वाकली. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज चिरकला. सरांच्या डोळ्यांच्या कडांना पाणी आलं होतं, ते न मिटण्यानं की कशानं... आतलं विझलं असेल? की आहे सगळं तसंच, आणि माझ्याशी बोलायचं नाही एवढंच ठरवलंय? आता विचारणार तरी कुणाला? बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. तो गेल्यावरही ती श्वास रोखून त्या दोन डोळ्यांकडं बघत राहिली, आणि आपण चक्क विनवतोय हे ध्यानात आल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली, तरी तिनं चौथ्यांदा विचारलं.