छातीची राखण

"उद्यापासून तुम्ही घरीच बसा, दाजी," डॉक्टर गंधार म्हणाला, आणि दाजींच्या हातातली पुडी बांधायची राहिली.

२००९चे गणपती नुकतेच गेले होते. मुंबईचे चाकरमानी परत गेले, खोकला मात्र कट्टा गावात ठेवून गेले. त्यात सगळीकडे स्वाइन फ्लूची बोंब. दाजी बासष्ट वर्षांचे, गंधारच्या वडिलांच्या वेळेपासून या दवाखान्यात कंपाऊंडर. चौतीस वर्षं औषधाच्या खिडकीत बसून त्यांनी पंचक्रोशीचा खोकला तोंडावर झेलला होता, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान.

"माका काय एक होवचा नाय, डॉक्टरांनू. माझ्या छातयेत राखणदार बसलेहत."

गंधारचे वडील असते तर वसकन अंगावर आले असते. गंधार समजावून सांगायला जाई आणि तिथेच फसे.

"राखणदार खरंच असतात, दाजी. विषाणू येऊन गेला की त्याला ओळखणाऱ्या काही पेशी रक्तात फिरत राहतात, काही फुप्फुसातच मुक्काम ठोकतात. तोच चोर पुन्हा आला तर दारातच धरतात. पण या मुक्कामाच्या पेशी फार टिकत नाहीत. चोर फिरकला नाही की काही महिन्यांत कमी होत जातात. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. शिवाय हा चोर नवा. ते त्याला ओळखतीलच असं नाही."

"उंदराच्या छातयेचा माका सांगू नकात," दाजी म्हणाले आणि छत्री घेऊन निघाले.

पण 'कमी होतात' हे त्यांच्या मनात रुतलं. राखणदार का जातो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. बागेच्या राखणदाराला, त्या न दिसणाऱ्या रक्षक देवाला, वर्षाला नारळ आणि कोंबडा द्यावा लागतो, एक वर्ष चुकलं की तो रुसतो. आणि छातीच्या राखणदारांना चौतीस वर्षांत साधी नारळाची शकलंही दिली नव्हती. दाजींनी वाटेतच एक कोंबडा घेतला.

"राखण ठेवतलास खंय?" बायकोने, कृष्णाबाईने विचारलं.

बागेची राखण, म्हणजे राखणदाराचा नैवेद्य, बागेच्या हद्दीवर ठेवतात. छातीची हद्द कुठली? दाजींनी छाती चाचपून पाहिली. "भायर ठेवन उपयोग नाय. ते आत आसत."

"म्हणजे तुमीच खातलास," कृष्णाबाई म्हणाली आणि वाटपाला खोबरं भाजायला घेतलं.

दाजींनी छातीवर हात ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, उजव्या अंगाच्या राखणदारांनू, डाव्या अंगाच्या राखणदारांनू, इतकी वर्सां तुमका इसारलंय, ती चूक पोटात घाला. नवो चोर इलोहा, तेका वळखा आणि भायरच्या भायर घालवा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," कृष्णाबाई कांदा चिरता चिरता म्हणाली.

सकाळी दाजी दवाखान्यात हजर. "चोर येय नाय तर राखणदार जातत, ह्या तुमीच सांगलास. माका सहा म्हयने घराक बसवलास तर ते सगळे जातले. मगे माका कोण सांभाळतलो?"

गंधारला हसू आवरेना. तेव्हा दाजींचा आवाज उतरला. चारचौघांत ते त्याला कधी नावाने हाक मारत नसत. "गंधारा, घराक बसाक माका येना नाय रे."

गंधारचं हसू थांबलं. त्याने पडवीच्या टोकाला, मोकळ्या हवेत, एक खुर्ची मांडली. तोंडाला मास्क लावायचा, लांबूनच नंबर पुकारायचे. खिडकीत योगिनी आली, औषधांची पदविका नुकतीच घेतलेली मुलगी.

पहिला तासभर दाजींनी खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. मग एक म्हातारी औषध घेऊन पायऱ्या उतरली आणि त्यांच्यासमोर थांबली. "दाजी, ह्या कसा घेवचा रे बाबा?"

"सकाळी पेज जेवन एक, रातीक भात जेवन एक. आणि थयच उभी रव, फुडे येव नको."

मग प्रत्येकजण थांबू लागला. दुपारपर्यंत पडवीतली रांग खिडकीपेक्षा लांब झाली. दाजींची मान ताठ झाली. दुखावलेला माणूस इतका खूश होऊ शकतो, हे गंधारला आतून दिसत होतं.

योगिनीने दोनतीनदा खिडकीतून डोकं बाहेर काढून ऐकलं. मग पुढच्या पाकिटावरचं 'दिवसातून दोनदा' खोडून तिने लिहिलं, 'सकाळी पेजेवर एक, रात्री भातावर एक.'

ते पाकीट घेतलेला माणूस वाचत वाचत दाजींसमोरून गेला. थांबला नाही. त्याच्यामागची बाईही थांबली नाही.

दाजींनी मास्क थोडा वर ओढला आणि पुढचा नंबर पुकारला.