चौदाव्या पानावरची सही

डेलबर्ट अव्हिलाने सही केली तेव्हा जुलै होता आणि ऊन मी म्हणत होतं. व्यापारी संघाचा माणूस कागद घेऊन आला. डेलबर्टने तो टायरच्या थप्पीवर ठेवला, सही ठोकली आणि पुन्हा जॅकशी वाकला. रस्त्यांसाठी आणि बसगाड्यांसाठी काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारने, अर्धा टक्का विक्रीकर वाढवायचा घाट घातला होता, आणि नोव्हेंबरात लोकांनी त्यावर मत द्यायचं होतं. मतदानाआधी निवडणूक कचेरी घरोघर एक पुस्तिका पाठवते. तिच्यात बाजूने एक पान, विरोधात एक पान, खाली सह्या. विरोधाच्या, म्हणजे चौदाव्या, पानावर डेलबर्टचं नाव सगळ्यांत वर होतं.

त्याचं चुकलं होतं असंही नाही. दुकानापासून मैलावर कालव्याचा पूल, आणि पुलापलीकडे दुसरी काउंटी. तिथला कर आधीच कमी, तिथलं टायरचं दुकान याच्या चौपट. आता आणखी अर्धा टक्का वाढला की चार टायरांमागे आठ डॉलरांचा फरक. गिऱ्हाईक काही नात्यातलं नसतं. आठ डॉलर वाचत असतील तर ते पूल ओलांडणारच. गावातले टवाळ मात्र म्हणायचे, "रस्ते सुधारले तर टायर कोण फोडून आणणार तुझ्याकडे? म्हणून ओरडतोस होय रे?"

सही केल्याचं त्याने बायकोला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, विसरला.

ऑगस्टमध्ये काउंटीचं पत्र आलं. लुसिंडाने ते जेवताना वाचून दाखवलं. नवा कर मंजूर झाला नाही, तर जानेवारीपासून रुग्णांना नेणारी व्हॅन बंद. मंगळवार, गुरुवार, शनिवार ती व्हॅन लुसिंडाला डायलिसिससाठी अडतीस मैलांवरच्या शहरात न्यायची आणि दुपारी आणून सोडायची. दुकानात डेलबर्ट आणि एक कामगार, दोघंच. आठवड्यातले तीन दिवस तो गाडी चालवत बसला, तर दुकानाला टाळंच.

"होईल मंजूर," लुसिंडा म्हणाली. "अशा गोष्टीला कोण नाही म्हणेल?"

डेलबर्टने हातातला पाव ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो निवडणूक कचेरीत गेला. सही मागे घ्यायचीय म्हणाला. खिडकीतल्या बाईने तारीख दाखवली. मुदत संपून आठ दिवस झाले होते.

"मग माझं मत बदललंय, त्याचं काय करू?"

"मत बदला की," ती म्हणाली. "सही बदलत नाही."

पण खरं तर मतही कुठे बदललं होतं? कर आला की दुकान बसणार, नाही आला की व्हॅन बसणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि हा भला माणूस मधे उभा. ऑक्टोबरात पुस्तिका आली तेव्हा त्याने घरची प्रत नेऊन जुन्या टायरांच्या ढिगात खुपसली. जणू काउंटीभर ती एकच छापली होती!

त्यात भर म्हणजे करावरच्या जाहीर चर्चासभेत विरोधाच्या बाजूने बोलणारा माणूस ऐनवेळी आजारी पडला. संघाने डेलबर्टला उभं केलं. तो घरी म्हणाला, "संघाची बैठक आहे." मंगळवार होता. मंगळवारी लुसिंडा डायलिसिसवरून येते ती थेट पलंगावर, त्यामुळे त्याला धीर होता.

सभा गावच्या सणासमारंभांच्या फेस्टा हॉलमध्ये, दिवेलागणीला. बाजूने बोलायला महापौर क्विस्ट होते. ग्रंथपाल व्हर्ना सभा चालवत होती. प्रत्येकाला दोन मिनिटं, संपली की लाल दिवा. डेलबर्ट पुलाबद्दल बोलला, चांगलं बोलला, टाळ्याही पडल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा त्याला शेवटच्या रांगेत व्हॅनची चालक अर्नेस्टीन दिसली आणि तिच्या शेजारी, अंगावर शाल घेतलेली, लुसिंडा. तो खाली बसला.

मग प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या, बिननावी. तिसरी चिठ्ठी व्हर्नाला लागेना. "काय हे अक्षर, कोंबडीचे पाय!" म्हणून तिने ती डेलबर्टपुढे सरकवली. "तुला लागतंय का बघ."

त्याला लागणार नाही तर कोणाला? डायलिसिसच्या सुयांसाठी डाव्या, लिहित्या हातावर शस्त्रक्रिया झाल्यापासून लुसिंडाचं अक्षर असंच पडायचं. वाणसामानाच्या याद्या तोच वाचायचा. आता चारचौघांत आपलं माप निघणार, असं समजून तो वाचू लागला.

"क्विस्टसाहेबांना प्रश्न. पुलाजवळची दुकानं बसली, तर कर भरणार कोण? आणि कर आलाच नाही, तर व्हॅन चालणार कशावर? व्हॅनने जाणारी एक."

क्विस्टसाहेब पाणी प्यायले आणि आकड्यांत शिरले. व्हर्ना डेलबर्टकडे वळली. "तुझी दोन मिनिटं."

डेलबर्ट उभा राहिला. लुसिंडाने रागाने लिहिलं असतं, तर त्याला सोपं गेलं असतं. "ही चिठ्ठी माझ्या बायकोची आहे," तो म्हणाला. "चौदाव्या पानावरची सही माझी आहे. दोन्ही खरं आहे." लाल दिवा लागेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

घरी जाताना त्याने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"अर्नेस्टीनच्या व्हॅनमध्ये पुस्तिका पडलेली असते, वेड्या. चाळीस मैल दुसरं करायचं काय?" थोड्या वेळाने ती म्हणाली, "दुकान तुझ्या बाबांचं आहे, डेल. मी जाईन कशीतरी."

"कशीतरी म्हणजे कशी?"



मंजुरीला दोन तृतीयांश, म्हणजे शंभरात सदुसष्ट मतं लागत होती. पासष्ट पडली. लोकांनी येऊन डेलबर्टचा हात हातात घेतला. "जिंकलास!" म्हणाले. त्याने हात पुसून घेतले आणि दुकानाच्या दारावर लावायला पाटी रंगवली: मंगळवार, गुरुवार, शनिवार बंद.

जानेवारीतल्या पहिल्या मंगळवारी सकाळी तो लुसिंडाला घेऊन निघाला. शहराचा रस्ता दुकानावरूनच जातो. दारात एक ट्रक उभा होता. एक माणूस चपटा झालेला टायर पायाशी ठेवून पाटी वाचत होता.

"थांब," लुसिंडा म्हणाली. "बघ त्याला काय हवंय."

"तिकडे तुझी आठची खुर्ची आहे. उशीर झाला की दुसऱ्याला देतात."

"पाच मिनिटांचं तर काम."

डेलबर्टने घड्याळ पाहिलं आणि वेग कमी केला नाही. आरशात दिसलं, त्या माणसाने टायर उचलून ट्रकच्या मागे टाकला आणि ट्रक पुलाकडे वळवला. लुसिंडाही आरशातच बघत होती.

"पुढे खड्डा आहे," ती म्हणाली, आणि डावा हात उराशी धरून बसली.