टाकीच्या कुंडलीतला वक्री शनी

शुभंकर सहकारी गृहनिर्माण संस्थेत पाडव्याची गुढी गच्चीवर उभी राहायची आणि देशाचं भवितव्य खाली पंपाच्या खोलीसमोर ठरायचं. कडुलिंबाचा पाला गुळाबरोबर कसाबसा गिळून मंडळी सतरंजीवर बसली, की तळमजल्यावरचे विद्याधर टिपणीस पंचांग उघडत आणि संवत्सरफल वाचत. या वर्षी राजा कोण, मंत्री कोण, पावसाचा धनी कोण, धान्याचा धनी कोण. पाडवा ज्या वारी येतो त्या वाराचा ग्रह वर्षभर राज्य करतो. निवडणूक नाही, लाउडस्पीकर नाही, आणि राजा कसाही निघाला तरी पुढच्या पाडव्याला जातो. मुलुंडच्या लोकांना ही पद्धत दिल्लीपेक्षा बरी वाटे.

टिपणीस विमा कंपनीत होते, त्यामुळे अनिष्ट गोष्टी सौम्य भाषेत सांगायची त्यांना सवय होती. 'पूर्वेकडील एका राष्ट्रात अशांतता संभवते.' 'थोर पुढाऱ्यांस प्रकृतीची काळजी घ्यावी लागेल.' 'काही भागांत पाऊस समाधानकारक, काही भागांत चिंताजनक.' इतक्या वर्षांत त्यांचं एकही भाकीत चुकलं नव्हतं. चुकायला त्यात काही नसायचंच. लोक मात्र त्यांच्याकडे मुलींच्या पत्रिका घेऊन येत, जिन्यात भेटले की वाट देत, आणि टिपणिसांना दिवसातली तेवढीच घटका आपण माणूस असल्यासारखं वाटे.

सत्त्याऐंशी सालचा पाडवा सोमवारी आला. राजा चंद्र, मंत्री मंगळ. टिपणिसांनी घसा साफ करून 'पश्चिमेकडील एका राष्ट्रात...' असं सुरू केलं, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची मृणालिनी फणसळकर म्हणाली, "कुठल्या, काका?"

मृणालिनी घाटकोपरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची आणि घरी आल्यावरही थांबायची नाही.

"कुठल्या म्हणजे?"

"पश्चिमेला पुष्कळ राष्ट्रं आहेत ना. गेल्या वर्षी पूर्वेला होती. एकदा तरी असं काही सांगा जे चुकू शकेल. नाहीतर त्याला भाकीत कशाला म्हणायचं?"

सतरंजीवर हशा पिकला. हसणाऱ्यांत टिपणिसांची बायको जयंतीही होती, हे त्यांनी पाहून ठेवलं.

माणसाने डिवचल्यावर गप्प बसावं. टिपणीस बसले नाहीत. त्यांच्या पंचांगात एक घडी घातलेला कागद होता. हौसेखातर त्यांनी सोसायटीचीच कुंडली मांडून ठेवली होती. देशाची कुंडली मध्यरात्रीच्या ठोक्यावरून मांडतात, तशी सोसायटीची त्यांनी गच्चीवरच्या टाकीत पहिल्यांदा पाणी चढलं त्या क्षणावरून मांडली होती. रजिस्ट्रेशनच्या तारखेवरून मांडायचा विचार त्यांनी सोडला, कारण रजिस्ट्रेशन झालं तेव्हा इथे नुसतं भाताचं शेत होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "राष्ट्र लांब आहे, जवळचंच सांगतो. आपल्या सोसायटीचं कुंभ लग्न. लग्नाचा स्वामी शनी आज दशमात, म्हणजे राजसत्तेच्या घरात. राजा पद सोडणार. श्रावण संपायच्या आत."

सगळ्यांनी एकदम मान वळवून भाऊराव परुळेकरांकडे पाहिलं. सोसायटीचे राजे तेच. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. संपानंतर गिरणी काही उघडली नाही, पण जॉबरचा आवाज तेवढा शाबूत राहिला, आणि त्या आवाजावर अकरा वर्षं अध्यक्षपद चाललं होतं. कोणाच्या नळाला किती वेळ पाणी, कोणाची स्कूटर कुठे, कोणी गच्चीवर पापड कधी घालायचे, हे सगळं तेच ठरवत.

"आणि नवीन कोण?" मृणालिनीने विचारलं.

टिपणिसांच्या अंगात आता वारं शिरलं होतं. "वर्षाचा राजा चंद्र. तेव्हा नवा माणूस चंद्रासारखाच. स्वभाव सौम्य. लेखणीवर पोट. दार पूर्वेला. आणि पोटाची जरा तक्रार."

ही चंद्राची लक्षणं कुठल्याही जुन्या पोथीत मिळतात. टिपणिसांनी ती वजन यावं म्हणून सांगितली. पण सोसायटीत पूर्वेकडे तोंड केलेली दारं चारच. एकाला कुलूप, माणूस दुबईत. दुसरं वाण्याचं. तिसरं भाऊरावांचं. लोक बोटांवर मोजत चौथ्या, टिपणिसांच्याच, दारापाशी आले आणि थांबले. पोटाच्या तक्रारीचा पुरावा शोधावा लागला नाही, कारण जयंतीने इमारतीतल्या प्रत्येक घरातून कधी ना कधी ओवा आणलेला होता.

"अहो," घरात शिरल्यावर जयंती म्हणाली, "स्वतःचंच नाव सांगायचं होतं तर सरळ सांगायचं. चंद्राला कशाला मध्ये घेतलंत?"

टिपणीस खुर्चीत बसले. अध्यक्षपद! पहाटे उठून पंप लावायचा. पहिल्या मजल्याच्या न्हाणीघरातून खाली पाझरणाऱ्या पाण्याचा बाप कोण, हे ठरवायचं. पालिकेच्या पाणीखात्यातल्या माणसाला चहा पाजायचा. त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला मोठ्याने हाक मारली नव्हती.

दारावर थाप पडली. भाऊराव. टिपणिसांनी सवयीने ओव्याच्या डबीकडे हात नेला.

भाऊरावांनी मात्र त्यांच्या हातात नारळ ठेवला. "टिपणीसानू, तुमच्या तोंडात साखर पडो!"

"अहो भाऊराव, ते मी..."

"अकरा वर्षां शिमग्याची पालखी बघूक नाय. गणपतीक गेलंय तरी जीव हय, टाकीत. सोडतंय म्हटलां की सगळे म्हणतत, 'भाऊराव, तुमच्याशिवाय कोण?' आता ग्रहांनीच सांगितल्यान, म्हणजे कोणाचां चलूचां नाय!" आणि त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला. पंपाची खोली, गच्ची, मीटरची खोली. "श्रावणापर्यंत हात बसवा. मगे मीटिंगीत रीतसर करू."

ते गेल्यावर जयंतीने नारळ हलवून पाहिला. "पाणी आहे," ती म्हणाली. तिला काही सुचवायचं नव्हतं, पण टिपणिसांना ते झोंबलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांनी मृणालिनीला गाठलं. "हे बघ, माझं गणित चुकलं असावं."

"असावं कशाला? श्रावणात कळेलच," ती खुशीत म्हणाली. "काका, पहिल्यांदाच तुम्ही तपासता येईल असं काही बोललात. आता प्रयोग अर्धवट सोडायचा नाही हं."

बाकीच्यांना सांगून पाहिलं तर ते हसले. मोठी माणसं विनयाने असंच म्हणतात, अशी त्यांची समजूत होती. जितकं नको म्हणावं तितका स्वभाव सौम्य ठरत होता. लक्षण पटत होतं.

आणि त्या वर्षी पाऊस रुसला. जून कोरडा गेला, जुलैत ढग यायचे, बघायचे आणि ठाण्याकडे निघून जायचे. पालिकेने पाणी कापलं. टिपणीस पहाटे पंपाच्या खोलीत उभे राहून मोटारीकडे बघत, आणि मोटार त्यांच्याकडे. कधी टाकी वाहायची, कधी भरायचीच नाही. पाणी वाहिलं की तिसरा मजला ओरडे, नाही चढलं की चौथा. दाढीचा साबण तोंडाला लावलेले पुरुष दारात येऊन उभे राहत. एकदा दोन मजल्यांच्या बायका एका गळतीवरून इतक्या भांडल्या, की टिपणिसांनी दोघींचंही बरोबर आहे असा निवाडा दिला, आणि त्या दोघी एक होऊन त्यांच्यावर उलटल्या. पोटाची तक्रार आता खरोखरीची झाली.

"योग जुळत चाललाय," लोक म्हणाले.

भाऊराव आषाढ लागताच गावी गेले. गणपती करूनच येणार होते. आठवड्याने टिपणीस पहाटे पंप लावतात तर वरून आवाज आला, "वॉल्व अर्धो फिरवा! अर्धो!"

बनियनवर, गॅलरीच्या कठड्याला पोट टेकून, भाऊराव उभे.

"आलात? इतक्यात?"

"आयलंय." भाऊरावांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. "गावाक विहीर आसा. ज्येका होया तो कळशी सोडता नि घेऊन जाता. कोण कोणाक विचारना नाय." मग जरा खालच्या आवाजात, "सकाळी उठान करूचां काय माणसान?"

एवढं बोलून ते आत गेले. टिपणीस अर्धा वॉल्व धरून उभे राहिले. पाणी व्यवस्थित चढत होतं. त्यांच्या डोक्यात पाडव्यानंतर पहिल्यांदा उजेड पडला.

त्या दिवसापासून ते पाळत ठेवू लागले. पंप लावायची वेळ झाली की वर दाराची कडी वाजायची. मोटारीचा सूर जरा बदलला की गॅलरीत खाकरणं ऐकू यायचं. एकदा टिपणिसांनी मुद्दाम उशीर केला, तर भाऊराव जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत येऊन, हातात दुधाची रिकामी पिशवी धरून, आपण दूध आणायला निघालो आहोत असं दाखवत उभे होते. दूध त्यांच्या घरी पोचतं येत असे.

पण सरळ 'परत घ्या' म्हणायची सोय नव्हती. भाऊरावांनी सगळ्यांच्या माहितीने पद सोडलं होतं, तेही ग्रहांच्या हुकमाने. परत मागितलं तर लोक म्हणणार, खुर्ची सुटत नाही. त्यांना परत आणायचं तर ग्रहांचा हुकूम मागे घ्यावा लागणार, आणि तो ज्याने वाचून दाखवला होता त्यानेच. म्हणजे सगळ्या सोसायटीसमोर, पत्रिका घेऊन येणाऱ्या बायकांसमोर, मृणालिनीसमोर. पंप किंवा पत, दोन्हींतलं एकच वाचणार होतं.

टिपणिसांनी पंचांग काढलं, टाकीची कुंडली पुन्हा मांडली आणि बोट ठेवून ग्रह तपासू लागले. शनीपाशी बोट थांबलं.

"अगं," त्यांनी जयंतीला हाक मारली, "खरंच चुकलंय की!"

"मग इतके आनंदाने काय ओरडताय?"

सभा श्रावणातल्या रविवारी गच्चीवर भरली. हिशेब वाचून झाले, ते नेहमीप्रमाणे कोणी ऐकले नाहीत. अध्यक्षाची निवड आली तशी मृणालिनी उभी राहिली. "मी टिपणीस काकांचं नाव सुचवते. ज्योतिषावर माझा विश्वास नाही, पण ओव्यावर आहे."

हशा झाला. भाऊराव मागच्या रांगेत खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याशी खेळत होते.

टिपणीस उठले. किल्ल्यांचा जुडगा हातात होता. त्यांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदाच शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"माझं भाकीत चुकलं."

"काका, पुन्हा विनय..."

"विनय नाही. पाडव्याच्या दिवशी शनी कुठल्या घरात आहे एवढंच मी पाहिलं. तोंड कुठे आहे ते पाहिलं नाही. पाडवा उलटला आणि तो वक्री झाला. वक्री ग्रह पुढचं घर गाठत नाही, जिथून निघाला तिथेच माघारी येतो. पंचांगात स्पष्ट छापलंय. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालासुद्धा दिसलं असतं. राजा जाणार असं मी म्हणालो, ते साफ चूक."

वरच्या टाकीत कुठेतरी थेंब पडत होता.

"हे फार सोयीचं आहे, काका," मृणालिनी म्हणाली.

"अतिशय," टिपणीस म्हणाले. "पण तू म्हणाली होतीस, चुकू शकेल असं सांगा. सांगितलं आणि चुकलं. आणखी काय हवं?"

मृणालिनी हसली आणि खाली बसली. वर्गात अशी वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "मग पाणी कोण सोडणार?" आणि सगळ्या माना पुन्हा एकदा, पाडव्यासारख्याच, भाऊरावांकडे वळल्या.

"माका काय हौस नाय," भाऊराव म्हणाले. पण ते उभे होते. कधी उठले ते कोणाला दिसलं नाही. "गावचां घर शाकारूचां आसा. तब्येत पण..."

त्यांचा उजवा हात पुढे आला होता. त्या हाताला बाकीच्या भाऊरावांचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

टिपणिसांनी जुडगा त्यात ठेवला. तळवा मिटला. टाळ्या अशा वाजल्या, की खालून जाणाऱ्या भाजीवाल्याने वर पाहिलं.

"टिपणीसानू," जिना उतरताना भाऊराव कडक आवाजात म्हणाले, "पंपाचो वायसर बदललात?"

"नाही."

"तरीच! वाट लावलास मोटारीची." आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत ते पंपाच्या खोलीत शिरले. बराच वेळ आतून पान्याचा आवाज येत होता. मधून मधून शीळही.

टिपणिसांनी पत्रिकांचं टेबल आवरून ठेवायची तयारी केली होती. पण दुसऱ्याच संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या कमलताई भाचीची पत्रिका घेऊन आल्या. "चूक झाली तर सांगतो असा ज्योतिषी कुठे मिळतो हो?" त्या म्हणाल्या. टिपणिसांनी पत्रिका पाहिली आणि विवाह योग्य वेळी होईल, असं सांगितलं.

पहाटे त्यांना जाग आली ती बाहेरच्या गर्जनेने. "तळमजल्यावर नळ कोणाचो व्हावता? पाणी काय बापाशीचां?"

"अहो," जयंती झोपेतच म्हणाली, "आपलाच आहे."

"असू दे," टिपणीस म्हणाले. पोट शांत होतं, अंथरूण उबदार होतं, आणि बाहेर कोणीतरी दुसराच माणूस ओरडत होता. ते जरा वेळ तसेच पडून ऐकत राहिले. मग उठून, राजाचा हुकूम म्हणून, त्यांनी नळ बंद केला.