राखेची वाटी

"नाळ कापण्याआधी पोटावर हात ठेव. आत दुसरं असलं, तर आधी राख मागव."

सासूचा हा आवाज मीसोच्या कानातून चाळीस वर्षं गेला नव्हता. तिचं ऐकून तिने पोटच्या लेकीची जुळी नाकातोंडात राख भरून कायमची निजवली होती. जुळी झाली म्हणून गावाने लेकीचं घर पाडलं, डोक्यावरचं चांदीचं शिरोभूषण उतरवलं आणि तिला वेशीच्या लाकडी कमानीबाहेर काढलं. ती परतली नाही. मीसो गावची सुईण, सगळ्यांची आपी म्हणजे आजी, राहिली. सणासुदीला पूर्वजांपुढे भात ठेवत राहिली.

आज गावात झोक्याच्या सणाची घाई होती. बाप्ये रानातून वेल आणून दोर वळत होते. एका घरात तरणी मीब्यो कळा देत होती. मागच्या आठवड्यात भात कांडता कांडता तिने मीसोचं मनगट धरलं होतं. "आपी, दोन निघाली तर राख नको. शब्द दे." मीसोने दिला होता.

पहिली रडली. मीसोने पोटावर हात ठेवला. आत दुसरं होतं. थोड्या वेळाने दुसरीही रडली.

मीब्योचा नवरा आज्ये राखेची वाटी घेऊन आला. मागे गावप्रमुख होता. माणसाला एकेकच होतं, झोळीभर पिलं जनावराला होतात, असं त्याने हळू आवाजात समजावलं.

"आज्ये, तुझ्या डुकरिणीला नऊ झाली तेव्हा तू गावाला दारू पाजलीस," मीसो म्हणाली. "लेकींना राख होय रे?"

आज्येने वाटी धरूनच ठेवली.

"लेकीच्या वेळी तू काही बोलली नाहीस, आपी," प्रमुख म्हणाला.

"नाही बोलले. तेच गिळून बसलेय."

तिने वाटी घेऊन चुलीत रिकामी केली. मग आपलं शिरोभूषण उतरवून प्रमुखाच्या हाती दिलं. "मागायला यायचे कष्ट नकोत."

सूर्य कलायच्या आत निघा, एवढंच तो म्हणाला. आज्ये बरोबर निघाला नाही.

मीसोने एक पोर पाठीशी बांधलं, दुसरं छातीशी धरलं, मीब्योचा हात खांद्यावर घेतला. कमानीपाशी मीब्योचा तोल गेला. कमानीच्या खांबाला कुणी शिवायचं नाही, हा नियम मीसोने जन्मभर पाळला होता. आज तिने त्याचाच आधार घेतला. काही झालं नाही. मागे झोक्याचा दोर ताणून बघत कुणीतरी हसलं.

आपली लेक गेली होती त्याच पायवाटेने मीसो त्या तिघींना घेऊन सावकाश उतरू लागली.