श्रीखंडाची नोंद

क्राइस्टचर्चच्या मराठी मंडळात लोक जगदीश खासनीसला चुकवत, ते त्याच्या एका भाषणामुळे. विषय ठरलेला: ‘इथे वशिला लागत नाही.’ आरतीनंतर प्रसादाचा द्रोण हातात घेऊन उभा असलेला नवा माणूस दिसला की जगदीश त्याला कोपऱ्यात गाठायचा. सतरा वर्षांपूर्वी सांगलीच्या सरकारी दवाखान्यात फार्मासिस्टची जागा निघाली होती, मुलाखतीत जगदीशचा पहिला नंबर होता आणि नेमणूक झाली ती कुठल्याशा साहेबाच्या मेहुण्याची. त्या रागाच्या भरात त्याने न्यूझीलंडचे फॉर्म भरले. गोष्ट जितक्यांदा सांगितली गेली तितका तो मेहुणा अडाणी होत गेला. अलीकडे तर त्याला गोळी आणि मलम यातला फरकही कळत नसे.

गेल्या वर्षी प्रमोद नाडकर्णीने जरा चाचरतच विचारलं होतं, “तुमच्या फार्मसीत इंटर्न घेतायत ना? माझ्या भाचीनं अर्ज केलाय. जमलं तर शब्द टाक की.” प्रमोदला पाऊण तास उभं राहून भाषण ऐकावं लागलं. त्यानंतर तो मंडळात जगदीश दिसला की चपला शोधायला लागायचा.

तर असा हा तत्त्वाचा माणूस. आता याची गंमत ऐका.

जगदीशची मुलगी कौमुदी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. मोठ्या लॉ फर्म उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे इथे नोव्हेंबरपासून, विद्यार्थ्यांना दोन-अडीच महिने उमेदवारीला घेतात आणि त्यातूनच पुढच्या वर्षीचे नवे वकील निवडतात. त्यामुळे हा उन्हाळा हुकला की त्या दारातून आत शिरणं फार अवघड. कौमुदीने सहा फर्मना अर्ज केले होते. जगदीशला अर्जांपासून लांब ठेवण्यात आलं होतं, कारण पहिल्याच अर्जात त्याने वडिलांचं संपूर्ण नाव, वैवाहिक स्थिती आणि ‘हस्ताक्षर स्पर्धा, इयत्ता चौथी, दुसरा क्रमांक’ घालायचा आग्रह धरला होता. “बाबा, तू फक्त कॉमा चेक कर,” असं कौमुदीने सांगितलं. जगदीशने मन लावून कॉमा तपासले. दोन जास्तीचे घातलेही.

एकामागून एक पाच फर्मची उत्तरं आली. पाचही फार गोड भाषेत नाही म्हणणारी. तिसऱ्या पत्रापर्यंत कौमुदी मोठ्याने वाचून दाखवायची आणि हसायची. चौथं तिने वाचून दाखवलं नाही. पाचव्यानंतर ती जेवणाचं ताट खोलीत घेऊन जायला लागली, आणि सकाळी ताटातली पोळी तशीच असायची.  दिवसभर लोकांना औषधं देणाऱ्या जगदीशकडे यावर मात्र काहीच नव्हतं.

मग सहाव्या फर्मने मुलाखतीला बोलावलं. गुरुवारी, सकाळी दहा वाजता.

रविवारी पाडवा होता. सुमेधाने, म्हणजे जगदीशच्या बायकोने, हॉस्पिटलमधली ड्यूटी बदलून घेऊन घरी चक्का बांधला आणि दोन किलो श्रीखंड केलं. त्यातला अर्ध्या किलोचा डबा जगदीशने सोमवारी रिकार्टन उपनगरातल्या आपल्या फार्मसीत सहकाऱ्यांसाठी नेला आणि मागच्या फ्रिजमध्ये ठेवला. इथपर्यंत सगळं निर्मळ होतं.

अकराच्या सुमाराला अ‍ॅलिस्टर आला. हे जगदीशचं आठ वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. दर तीन महिन्यांनी गोळ्या न्यायला येई, क्रिकेटवर चार वाक्यं बोले, आपल्या बागेतले टोमॅटो यंदा कसे झाले ते सांगे आणि जाई. आठ वर्षांत तो काय करतो हे त्याने सांगितलं नव्हतं आणि जगदीशनेही विचारलं नव्हतं. त्या दिवशी तो थेट ऑफिसातून आला होता आणि गळ्यातलं ओळखपत्र काढायचं विसरला होता. जगदीशने चष्मा वर करून वाचलं. सहावी फर्म. नावाखाली ‘पार्टनर’.

जगदीशने ठरवलं, एक शब्द बोलायचा नाही. खरंच ठरवलं. गोळ्यांच्या पाकिटावर लेबल चिकटवताना तो मनातल्या मनात स्वतःचंच भाषण म्हणत होता. आणि लेबल चिकटवून होतंय न होतंय तोच आपले पाय मागच्या फ्रिजकडे निघालेत, असं त्याच्या लक्षात आलं.

“आमचं कालच नवीन वर्ष झालं,” असं म्हणत त्याने डबा काउंटरवर ठेवला. ज्या माणसाला कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आठ वर्षं स्वतःच्या हाताने मोजून दिल्या, त्याला मलईच्या दह्याचं, साखरेत घोटलेलं अर्धा किलो श्रीखंड! अ‍ॅलिस्टर खूश झाला. झाकण उघडून त्याने वासही घेतला. त्याच्या हातात डबा गेल्यावर मग जगदीशने तोंड उघडलं.

“माझी मुलगी गुरुवारी तुमच्याकडे येतेय. इंटरव्ह्यूला. फार हुशार आहे हो. जरा बघा.”

अ‍ॅलिस्टरचा हात झाकणावरच थांबला. त्याने डब्याकडे पाहिलं, जगदीशकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात मुलीचं नाव विचारलं. स्पेलिंग विचारलं. खिशातून पेन काढून गोळ्यांच्या कागदी पिशवीवर ते नाव लिहून घेतलं, आणि जास्त काही न बोलता निघून गेला.

जगदीशचा जीव भांड्यात पडला. नाव लिहून घेतलं! सांगलीत अर्धा जन्म काढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. साहेब नुसतेच ‘बघू’ म्हणाले तर काम होत नाही; साहेबांनी नाव लिहून घेतलं की झालं म्हणून समजा. त्या संध्याकाळी तो घरी शीळ घालत आला. रात्री जेवताना दोन पुऱ्या जास्त खाल्ल्या. सुमेधाने विचारलं, “काय रे, लॉटरी लागली का?” तर म्हणाला, “सगळं चांगलं होणारेय.” ज्योतिषी असल्यासारखा.

मंगळवारी संध्याकाळी कौमुदी लॅपटॉप उघडा धरून स्वयंपाकघरात आली.

“बाबा, व्हॉट डिड यू डू?”

फर्मची ईमेल होती. भाषा अत्यंत नम्र. मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी एक, अ‍ॅलिस्टर, यांनी उमेदवाराच्या कुटुंबाशी ओळख असल्याचं कळवलं असून ते या निवडीतून बाजूला झाले आहेत. कुटुंबाकडून मिळालेल्या भेटीची नोंद फर्मच्या भेटवस्तूंच्या रजिस्टरमध्ये करण्यात आली आहे. याचा उमेदवाराच्या अर्जावर कोणताही परिणाम होणार नाही.

“भेट? कुठली भेट?” सुमेधाने विचारलं.

जगदीशने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग सांगितलं. सांगताना त्याने श्रीखंड शेवटी सांगायचं ठरवलं होतं, पण ते पहिल्याच वाक्यात निसटलं.

“श्रीखंड?” कौमुदी म्हणाली. “यू ब्राइब्ड अ लॉयर विथ श्रीखंड?”

“लाच कसली? सणाचं होतं ते. मी फक्त शब्द टाकला.”

“बाबा, अ‍ॅलिस्टरनं युनिमध्ये माझा मूट जज केला होता.” मूट म्हणजे विद्यार्थ्यांचा लुटुपुटीचा खटला. “तोच मला म्हणाला होता की अप्लाय कर. त्या पूर्ण पॅनेलवर मला ओळखणारा तो एकच होता. आता तोच नाहीये.”

जगदीशने खुर्चीत बसल्याबसल्या हिशेब केला. न्यूझीलंडच्या सबंध दक्षिण बेटावर आपल्या मुलीच्या बाजूचा माणूस एक, आणि त्याला आपण अर्धा किलो श्रीखंड देऊन बाहेर काढलं. एवढं नेमकं काम त्याने आजवर कुठलंच केलं नव्हतं.

पण कौमुदीचं बोलून संपलं नव्हतं. आता ती ओरडत नव्हती. आणि एरवी घरात अर्धं इंग्रजी मिसळून बोलणारी ती मुलगी शब्द शोधत शोधत निव्वळ मराठीत बोलली. “बाबा, आता मला मिळालं ना, तरी ते माझं आहे की तुझं, हे मला कधीच कळणार नाही.”

ती खोलीत गेली. जगदीश तिथेच बसून राहिला. त्याला सांगलीचा तो मेहुणा आठवला. सतरा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं, की त्या मेहुण्यालाही कुणी विचारलं नसेल. बहुतेक त्याच्याही घरचं कुणीतरी, प्रेमापोटीच, एक डबा घेऊन साहेबांकडे गेलं असेल. बिचाऱ्याला पॅरासिटामॉल चांगलं येतही असेल.

“मी उद्या अ‍ॅलिस्टरला भेटून माफी मागतो,” तो सुमेधाला म्हणाला. “त्याला सांगतो, सगळी चूक माझी. तू परत पॅनेलवर ये.”

सुमेधा ओटा पुसत होती. तिने फडकं बाजूला ठेवलं. “जगदीश, आता माफीचा वशिला लावू नकोस. तू गुरुवारपर्यंत काहीही करू नकोस. कुणालाही भेटू नकोस, काहीही देऊ नकोस.”

काहीही न करणं इतकं जड असतं हे जगदीशला तोवर माहीत नव्हतं. गुरुवारी त्याने तिला गाडीने सोडतो म्हटलं, तर ती म्हणाली, “आय विल टेक द बस.” दहा वाजता तो काउंटरवर उभा होता आणि एका आजींना एकाच औषधाच्या सूचना तिसऱ्यांदा सांगत होता. आजींनी त्याचा हात थोपटून विचारलं, “तुला बरं वाटतंय ना, बाळा?”

कौमुदीने मुलाखतीबद्दल घरी काही सांगितलं नाही. आठ दिवस घरात गरजेपुरतंच बोलणं होतं. मीठ दे, चार्जर कुठेय. पाडव्याचं उरलेलं श्रीखंड फ्रिजमध्ये तसंच पडून होतं. त्याला कुणी हात लावेना.

पुढच्या शुक्रवारी दुपारी ती फार्मसीत आली. गिऱ्हाइकांच्या रांगेत मुकाट्याने उभी राहिली आणि नंबर आल्यावर काउंटरशी आली.

“मिळालं,” ती म्हणाली.

जगदीशने हातातलं गोळ्यांचं पाकीट खाली ठेवलं.

“त्यांनी विचारलं, जवळच्या माणसानं काही चुकीचं केलं आणि तुम्हाला ते फेस करावं लागलं असा एक प्रसंग सांगा. माझ्याकडे दोन छान तयार आन्सर्स होती. ग्रुप प्रोजेक्टवाली.”

“मग?”

“मी तुझं सांगितलं. सगळं. सांगली, मेहुणा, तुझं भाषण, श्रीखंड.” तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. “दोघं जण होते फक्त. दोघंही मला ओळखत नव्हते. अ‍ॅलिस्टरला रिझल्ट लागेपर्यंत काही कळलंसुद्धा नाही, मी विचारलं त्यांना. सो इट्स माइन, बाबा. पूर्ण माझं.”

“हो,” जगदीश म्हणाला. “तुझंच.” आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच त्याने काउंटरचं फळकूट उचलून ड्यूटीवर असताना बाहेर येऊन कुणाला तरी मिठी मारली. रांगेतल्या लोकांनी मोठ्या मनाने दुसरीकडे पाहिलं.

संध्याकाळी प्रमोदचा फोन आला, अभिनंदनाचा. आवाजात जरासा खवचटपणा होता, आणि तो त्याचा हक्कच होता. “काय रे, तिथे ओळख वगैरे होती की काय?”

“होती,” जगदीश म्हणाला. “ती बाहेर गेली म्हणून काम झालं.” मग त्याने प्रमोदला सगळं सांगितलं, आणि त्या पाऊण तासाच्या भाषणाबद्दल माफीही मागितली. प्रमोद इतका हसला की त्याच्या बायकोने फोन हिसकावून घेऊन काय झालं ते विचारलं, आणि जगदीशला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. गणपतीपर्यंत ही गोष्ट मंडळात सर्वतोमुखी झाली. आता लोक जगदीशला चुकवत नाहीत. उलट प्रसाद घेऊन त्यालाच गाठतात आणि म्हणतात, ते श्रीखंडाचं सांगा की.

नोव्हेंबरात कौमुदी कामावर रुजू झाली. पहिल्या दिवशी घरी आली ती हसू दाबतच.

“आज आम्हाला एथिक्सचं ट्रेनिंग होतं. गिफ्ट रजिस्टर कसं भरायचं त्याचं एक्झाम्पल स्क्रीनवर दाखवलं. नावं झाकली होती. वस्तू: होममेड योगर्ट डेझर्ट, पाचशे ग्रॅम.”

सुमेधा ताट सोडून हसत सुटली. जगदीशने कपाळाला हात लावला. खासनीस घराण्याने न्यूझीलंडच्या कायद्याच्या क्षेत्रात पाऊल टाकलं ते कौमुदीच्या रूपाने नव्हे, तर त्याच्या डब्याच्या रूपाने, आणि तेही दर वर्षी नव्या मुलांना दाखवण्यासाठी.

“शेवटचा कॉलम असतो, रीझन फॉर गिफ्ट,” कौमुदी म्हणाली. “भेट का दिली ते. त्यात अ‍ॅलिस्टरनं काय लिहिलंय सांग.”

“काय लिहिणार? लाच.”

“नाही. एकच शब्द आहे. ‘फादर.’”

जगदीश ताटावरून उठला आणि त्याने फ्रिज उघडला. त्याला काही नको होतं. त्याला फक्त कुठेतरी तोंड लपवायचं होतं, आणि स्वयंपाकघरात तेवढी एकच जागा होती. बराच वेळ तो दुधाच्या बाटलीकडे पाहत तसाच उभा राहिला.

“अरे, दार लाव,” सुमेधा म्हणाली. “दूध नासेल.”