आधी माझ्याकडे

"दुखणार नाही, पण कळेल. कुणीतरी पोटावर दाबतंय, आतून ओढतंय, असं वाटेल. घाबरायचं नाही," थोरल्या सिस्टर म्हणाल्या.

"आणि पाठीतली सुई?" पलंगावरच्या बाईनं विचारलं.

"मुंगी चावल्यासारखी, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. खरं सांगायचं तर मुंगी जरा मोठी असते. पाठ वाकवून बसायचं, अजिबात हलायचं नाही. मग पाय गरम होतील, जड होतील आणि थोड्या वेळानं ते तुझे नाहीतच असं वाटेल. लघवीची नळी घातलेली कळणारसुद्धा नाही. थंडी वाजेल, दातही वाजतील. त्यात काही बिघडलेलं नसतं."

ठरवून सिझेरियन करायच्या बायकांना आदल्या तासाभरात हे सगळं समजावणं, हे थोरल्या सिस्टरचं एकतीस वर्षांचं काम. डॉक्टर येऊन दोन शब्द बोलत, सही घेत आणि निघून जात. बाकीच्या शंका सिस्टरच्या गळ्यात. नव्या नर्स त्यांना तोंडावर 'टेपरेकॉर्डर' म्हणत आणि त्यांनाही ते मनातून आवडत असे. आज मात्र टेप मध्येच थांबली. पुढचं वाक्य होतं, 'दहा मिनिटांत बाळाचं रडणं ऐकू येईल.'

या बाईच्या बाळाच्या पोटात मूत्रपिंडं तयारच झाली नव्हती आणि त्यापायी फुप्फुसंही वाढली नव्हती. कळलं तेही फार उशिरा. आधीची दोन्ही बाळंतपणं पोट कापूनच झालेली, म्हणून हेही तसंच करायचं ठरलं होतं. मुलगा की मुलगी हे कुणी सांगितलं नव्हतं, आईनं मनाशी मुलगीच धरली होती; आणि ती जगणार नाही, एवढं पक्कं होतं.

"थांबू नका, सिस्टर," ती म्हणाली. तिचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. "मीपण गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते, बोर्डच गेलाय, उगाच खटपट करू नका. मलाही तसंच सांगा."

"काही मिनिटं मिळतील," सिस्टर म्हणाल्या. "फार तर पंधरा-वीस. रडेलच असं नाही."

"चालेल. फक्त ती जिवंत असताना माझ्या अंगावर द्या. पुसणं, मोजणं सगळं मागाहून. आधी माझ्याकडे."

"आधी तुझ्याकडेच. माझा शब्द."

तिनं सिस्टरचा हात असा घट्ट धरला, की सिस्टरना तो सोडवून घ्यावा लागला.

ऑपरेशन थिएटरमध्ये सगळं सांगितल्याप्रमाणे झालं. सुई, जड पाय, वाजणारे दात, छातीपाशी बांधलेला हिरवा पडदा. भूलतज्ज्ञ तिच्या उशाशी बसून दुकानाच्या गप्पा काढत होते. बाळ निघालं, पण रडलं नाही. नाळ कापून सर्जननी ते सिस्टरच्या हातातल्या टॉवेलवर ठेवलं.

सिस्टरनी टॉवेल मिटला, वळल्या, तीन पावलं टाकली. दिव्याखालच्या टेबलावर त्यांनी डोकं पुसलं, पाठ चोळली. काट्यावर ठेवलं. एक किलो नऊशे. पट्टीवर आकडा लिहून ती घोट्याला बांधली. रोजची तीन-चार बाळं, एकतीस वर्षं; हातांना वळण पडलं होतं आणि हातांनी मालकिणीला विचारलंच नाही. बालरोगतज्ज्ञही नेहमीच्या जागी उभे राहून नेहमीसारखे छातीचे ठोके ऐकत होते.

"सिस्टर, निघाली का ती?" पडद्यापलीकडून आवाज आला.

सिस्टरनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. चार मिनिटं होऊन गेली होती. बालरोगतज्ज्ञांनी कानातून नळ्या काढल्या आणि मान हलवली.

"आत्ताच गेली," ते अगदी हळू म्हणाले.

सिस्टरनी बाळ टॉवेलात गुंडाळलं. त्या पडद्याच्या वरच्या बाजूला गेल्या, तिचा गाऊन सरकवला आणि बाळ तिच्या छातीवर पालथं ठेवलं. ते अजून ऊबदार होतं. तिनं दोन्ही हात त्याच्या पाठीवर ठेवले. तिची छाती वर गेली, बाळ वर गेलं; छाती खाली आली, बाळ खाली आलं.

"अगं बाई! बघा ना सिस्टर, श्वास घेतेय!"

"हो," सिस्टर म्हणाल्या. "घेतेय."

शब्द मोडला तो मोडला, वर हे खोटं. सिस्टरना स्वतःची शिसारी आली. बालरोगतज्ज्ञांनी काही बोलायला तोंड उघडलं, सिस्टरच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते कागदांकडे वळले. खाली सर्जन टाके घालत होते.

"माझ्यावर गेलीय," ती बाळाशी आणि सिस्टरशी एकदमच बोलत होती. "हनुवटी बघा. माझीच... सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू? दुसरं कुणी असतं, तर आधी काट्यावरच नेली असती."

तिची बोटं बाळाच्या पाठीवरून कमरेकडे, कमरेवरून मांडीकडे चालली होती. एकेक जागा चाचपून बघत होती. सिस्टर पुढे झाल्या, त्यांनी टॉवेलचं टोक खाली ओढलं आणि घोट्याच्या पट्टीसकट दोन्ही पावलं आपल्या मुठीत धरली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "गार पडतात पाय. मी धरते."

शेवटचा टाका पडेपर्यंत त्यांनी ती मूठ सोडली नाही.